तुटक वर्तुळ

तेजल निमजेच्या मनात जो विचार अजून पुरता उमटलाही नव्हता, तो डॉ. मुकुंद घाटोळे यांनी सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर मांडला.

"सात गावांतल्या मूत्रपिंडाच्या आजाराचा दुष्काळाशी थेट संबंध नाही," ते म्हणाले. "दुष्काळानंतर लोकांचं पिण्याचं पाणी बदललं. आजार त्या बदलाशी जोडलेला आहे. लोक काय पितात, एवढंच विचारून भागणार नाही. केव्हापासून पितात, हे विचारा."

भूजल संशोधन केंद्राच्या त्या खोलीत त्यांच्यासमोर अकरा माणसं होती. दहा जणांनी माना डोलावल्या. अकरावी तेजल. तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

शुक्रवारी तिने दोन वेगवेगळ्या कागदपत्रांतल्या दोन ओळींखाली रेघ ओढली होती. एक होती टँकरच्या फेऱ्यांच्या जुन्या अहवालात, दुसरी आरोग्य उपकेंद्राच्या नोंदवहीत. या दोन ओळींचं काहीतरी नातं आहे असं तिला सारखं वाटत होतं, पण ते पकडीत येत नव्हतं. शनिवार आणि रविवार ती त्याच्याभोवतीच घुटमळत राहिली. आणि आता ते नातं तिच्या मार्गदर्शकाच्या तोंडून, नीट वाक्यात, बाहेर पडत होतं.

बैठक संपताच ती त्यांच्या मागोमाग त्यांच्या खोलीत गेली.

"सर, तो मुद्दा माझा होता."

"कुठे लिहिलायस?"

"लिहिला नाही अजून. पण मी त्याच दोन ओळींवर काम करत होते."

"ओळी सरकारच्या आहेत, तेजल. तुझ्या नाहीत." घाटोळेंनी चष्मा काढून पुसला. "बस. तुला एक गोष्ट दाखवतो. चिडू नकोस, शिक."

त्यांनी स्वतःच्या संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर तिचा नकाशा होता.

केंद्रात सगळं वाचन 'वाटाड्या' नावाच्या अॅपमधून होत असे. संशोधक टॅबवर कागदपत्रं वाचायचे, पेनाने ओळी अधोरेखित करायचे, समासात टिपणं लिहायचे. प्रत्येक खुणेचा वाटाड्या एक बिंदू करायचा आणि बिंदूंना रेषांनी जोडत वाचणाऱ्याच्या विचारांचा नकाशा मांडायचा. इथपर्यंतचं तंत्र जुनंच होतं. नव्या आवृत्तीत टॅबचा कॅमेरा वाचणाऱ्याचे डोळेही टिपत होता. नजर कुठल्या ओळीवर थबकली, कुठल्या परिच्छेदाकडे चारदा परत आली, बाहुली कुठे रुंदावली, पेनाचा दाब कुठे वाढला, या सगळ्याची नोंद व्हायची. माणसाला एखादी गोष्ट कळते त्याच्या बऱ्याच आधी त्याची नजर त्या गोष्टीभोवती फिरू लागते. वर्षभर एकाच माणसाचं वाचन पाहिलं की वाटाड्याला त्याच्या विचारांची चाल कळू लागे. मग नकाशाच्या कडेला तो तुटक रेषेचं एक वर्तुळ काढायचा. हा वाचक पुढे कुठे पोचणार, त्याचा तो अंदाज.

वर्तुळ वाचणाऱ्याला मात्र दिसत नसे. दिसलं तर तो मुद्दाम तिकडेच वळेल आणि अंदाज बिघडेल, असं कारण दिलं जायचं. ते फक्त मार्गदर्शकाला दिसायचं.

तेजलच्या नकाशावर शुक्रवारी, पाच वाजून चाळीस मिनिटांनी, एक तुटक वर्तुळ उगवलं होतं. त्यात लिहिलं होतं : आजार — पाण्याचा स्रोत बदलल्याचा काळ. शनिवारी सकाळी घाटोळेंनी त्यावर बोट ठेवून ते पक्कं केलं होतं. वर्तुळाची रेषा सलग झाली होती आणि खाली त्यांचं नाव आलं होतं.

"केंद्राचा नियम तुला माहीत आहे," ते म्हणाले. "बिंदू जो पक्का करतो, विचार त्याचा."

"म्हणजे माझ्या डोक्यात येण्याआधी तुम्ही तो उचललात."

"तुझ्या डोक्यात आला असता की नाही, कोणी सांगावं? शंभरातल्या साठ जणांना शेवटपर्यंत येत नाही."

"याआधी किती उचललेत?"

घाटोळे हसले. तेजल उठली. गेल्या वर्षी त्यांचे तीन शोधनिबंध आले होते. त्याआधीच्या सहा वर्षांत एकही नव्हता. हा माणूस एके काळी पायी नदीपात्रं पालथी घालत असे, हातातल्या दगडाच्या वासावरून थर सांगत असे. त्याचं नाव ऐकूनच ती या केंद्रात आली होती. दाराशी पोचेपर्यंत तिला तेही आठवलं, आणि तिचा राग दुप्पट झाला.

*

आठवड्याने ती सावळटोल्याला गेली. सात गावांतलं हे सगळ्यांत आजारी गाव. एकशेवीस उंबऱ्यांत एकोणतीस रुग्ण.

गावच्या आशा आरोग्यसेविका वच्छला मेश्राम अंगणात गोळ्यांची पाकिटं लावत बसल्या होत्या. त्यांचे यजमान नत्थूजी महिन्यातून आठदा डायलिसिसला जात.

"आल्या का मॅडम? या. अजून किती डाव विचारान आमाले तेच ते?" वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमी लिवूनच राह्यल्या अन् इकडं मानसं चाल्ले."

"या वेळी तुम्हाला नाही विचारणार. बोअर खणणारं कोणी गावात आहे का?"

शेषराव बोढे शेजारच्या गल्लीतच राहत. तीस वर्षं त्यांनी बोअरची गाडी चालवली होती. त्यांच्याकडे एका पत्र्याच्या पेटीत अकरा वह्या निघाल्या. किती फुटांवर मुरूम, किती फुटांवर काळा दगड, कुठे पाणी, त्याची चव कशी, हे प्रत्येक बोअरचं त्यांनी शिसपेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. या वह्या कोणी स्कॅन केल्या नव्हत्या. त्यामुळे वाटाड्याला त्या ठाऊक नव्हत्या.

दोन दिवस ती त्यांच्या ओसरीवर बसून वाचत राहिली. दुष्काळात सातही गावांत तीनशे फुटांखाली बोअर गेले होते. तिथे एक राखाडी दगडाचा थर होता. त्या थरातलं पाणी शेषरावांनी 'जड, जिभेवर राह्यते' असं लिहिलं होतं. ज्या घरांचं पिण्याचं पाणी त्या बोअरचं, त्याच घरांत चार-पाच वर्षांनी आजार आला होता. जी घरं पाऊस परतल्यावर जुन्या उघड्या विहिरींवर गेली, ती बहुतेक वाचली होती. तिने खोल पाण्याच्या सहा बाटल्या भरून शहरातल्या एका प्रयोगशाळेत दिल्या. फ्लोराइड आणि सिलिका, दोन्ही भरमसाट. यातलं एकेक शरीराला एक वेळ झेपतं. दोन्ही मिळून मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या हळूहळू चोंदवतात.

हे तिने कुठेच टिपलं नाही. फक्त वच्छलाबाईंना फोनवर सांगितलं, "नत्थूजींना बोअरचं पाणी देऊ नका. देवळामागच्या जुन्या विहिरीचं द्या, उकळून."

"काहून?"

"सांगेन. आत्ता फक्त द्या."

दीड महिन्याने वच्छलाबाईंचा फोन आला. नत्थूजींच्या रक्तातला क्रिएटिनिनचा आकडा वाढायचा थांबला होता.

*

आता हे सिद्ध करायचं तर सगळं वाटाड्यात आणावं लागणार होतं. त्याच सुमारास केंद्राने परिपत्रक काढलं की वाटाड्याबाहेर केलेलं वाचन संशोधन म्हणून धरलं जाणार नाही. पहिली वही टॅबवर उघडली की तुटक वर्तुळ उगवणार आणि घाटोळे ते उचलणार, हे तेजलला लख्ख दिसत होतं. चार वर्षांचं काम. एका बोटाने जाणार.

तिने ठरवलं, बोट ठेवायला त्यांना काहीतरी द्यायचं.

जुन्या विहिरींच्या आसपास दुष्काळानंतर नवं खत वापरात आलं होतं. त्यातल्या जड धातूंबद्दल एक-दोन कच्चे अहवाल होते. तेजलने ते सगळे टॅबवर उघडले आणि रोज वाचायला लागली. नुसत्या रेघा ओढून वाटाड्या फसणार नव्हता. डोळेही फसवायला हवे होते. पहिले काही दिवस जमलं नाही. कंटाळलेल्या माणसाची नजर ओळीवरून घसरते आणि कॅमेऱ्याला ते कळतं.

मग तिला युक्ती सापडली. त्या ओळींवर नजर ठेवून ती घाटोळेंचं हसणं आठवायची. ते चष्मा पुसणं. 'चिडू नकोस, शिक.' तिच्या बाहुल्या रुंदावायच्या, पेनाचा दाब वाढायचा, श्वास अडकायचा. उत्सुकतेने डोळे जसे होतात, तसेच रागानेही होतात. वाटाड्याला त्यातला फरक कळत नव्हता.

तीन आठवडे तिने असं द्वेषाने वाचलं. आयुष्यात इतकं मन लावून तिने काही वाचलं नव्हतं.

बावीस जानेवारीला घाटोळे चहाच्या वेळी तिच्या टेबलाशी आले. इतक्या प्रेमाने ते वर्षात बोलले नव्हते. "छान चाललंय तुझं. असंच चालू दे." तिने ओळखलं की वर्तुळ उगवलं आहे, आणि पक्कंही झालं आहे.

फेब्रुवारीत त्यांचा निबंध आला : सात गावांतल्या उघड्या विहिरी खतातल्या धातूंनी दूषित, आजाराचं मूळ तिथेच. तेजलने तो दोनदा वाचला आणि एकटीच हसली. मार्चच्या वार्षिक परिषदेत देशभरातली जाणकार मंडळी येणार होती. तिथे ती शेषरावांच्या अकरा वह्या आणि सहा बाटल्यांचे निकाल टेबलावर ठेवणार होती. घाटोळेंचं तोंड कसं होईल, हे ती रोज मनात पाहत होती.

त्या दिवसांत तिला सावळटोला क्वचितच आठवला.

*

मार्चच्या पहिल्या बुधवारी वच्छलाबाईंचा फोन आला.

"मॅडम, हे काय करून राह्यले तुमी लोकं?" त्यांचा आवाज फाटला होता. "देवळामागची हीर बुजवली. जेसीबी आला, दगडमाती टाकली, तासाभरात सपाट. आमी आडवे झालो तं पोलिसांनं उचललं."

"कोणी सांगितलं बुजवायला?"

"तुमच्याच केंद्राचा कागद हाय. हिरीचं पाणी जहर हाय म्हन्ते. आता घरोघरी बोअरची तोटी देऊन राह्यले. खोल बोअर. तीनशे फूट." मग त्या नत्थूजींबद्दल बोलू लागल्या. "यायचा आकडा पुन्हा वाढला. तीन आठोडे झाले बोअरचं पिऊन. पाइप आला तवाच हिरीले कुलूप लावलं होतं. मी तुमाले फोन लावत होती. तुमी उचलत नव्हत्या."

तेजलने खरोखरच फोन उचलले नव्हते. ती परिषदेतलं भाषण लिहीत होती.

संशोधन कपाटात पडून राहू नये म्हणून सरकारने गेल्या वर्षी नवी व्यवस्था केली होती. पाणी आणि आरोग्याचा कुठलाही प्रसिद्ध निबंध थेट जिल्हा समितीकडे जाई आणि समितीने महिन्याभरात कारवाई करायची असे. हे तेजलला माहीत होतं. सापळा लावताना ते तिने लक्षात घेतलं नव्हतं, एवढंच. पुढे चौकशीत तिला विचारलं गेलं तेव्हा 'एवढंच' हा शब्द तिच्या तोंडून निघाला आणि तिला स्वतःचीच किळस आली.

ती धावत घाटोळेंच्या खोलीत गेली.

"सर, निबंध मागे घ्या. आजच. विहिरी निर्दोष आहेत, दोष खोल बोअरचा आहे. माझ्याकडे वह्या आहेत, तपासणीचे निकाल आहेत."

घाटोळेंनी मान वर केली. "कुठल्या वह्या? वाटाड्यात दिसत नाहीत."

"कागदाच्या आहेत."

"आणि तुझं वाचन? तीन आठवडे तू खत आणि विहिरी सोडून काही पाहिलं नाहीस. तुझेच डोळे सांगतात की तुझा यावर विश्वास होता."

"मी मुद्दाम केलं ते. खोटं वाचलं. तुम्ही उचलावं म्हणून."

घाटोळेंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तेजलने महिनाभर मनात पाहिलेलं तोंड हेच. पाहून तिला काहीच वाटलं नाही.

"हरामखोर," ते हळू आवाजात म्हणाले. "तुला मी घडवलं."

"मला शिव्या नंतर द्या. आधी जेसीबी थांबवा. सात गावांत मिळून नऊ विहिरी आहेत, त्यातल्या किती बुजल्यात, माहीत आहे?"

"तू हे कुठे बोललीस तर तुझं काय होईल, ते तुला माहीत आहे? खोट्या नोंदी करणाऱ्याला आयुष्यात पुन्हा कुठे उभं करत नाहीत."

"आणि तुम्हाला?"

"मी तर फसवला गेलो," घाटोळे म्हणाले. हे वाक्य त्यांना आत्ताच सुचलं होतं आणि सुचताच आवडलं होतं. "मी विद्यार्थिनीवर विश्वास ठेवला. गुन्हा आहे का हा?"

"स्वतः एकदा तरी त्या गावात गेला असतात तर पाण्याच्या चवीवरून तुम्हाला कळलं असतं, सर. तुम्हाला कळलं असतं. बाकी कोणाला नाही."

ते पुन्हा पडद्याकडे वळले. जेसीबी थांबवायला त्यांनी फोन उचलला नाही.

*

जिल्हा समितीची बैठक शुक्रवारी बोलावली गेली. तेजलने गुरुवारीच वह्यांच्या प्रती, प्रयोगशाळेचे निकाल आणि स्वतःचा दोन पानी जबाब अध्यक्षांना नेऊन दिला होता. अध्यक्ष श्रीमती लांबट यांनी तो सगळ्यांसमोर वाचला. घाटोळे समोरच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते.

"म्हणजे या खुणा तुम्ही जाणूनबुजून खोट्या केल्या?" श्रीमती लांबटांनी विचारलं.

"हो."

"विहिरी निर्दोष आहेत हे माहीत असताना?"

"हो."

"का?"

"यांनी माझे विचार चोरले म्हणून."

"आणि गावाने तुमचं काय चोरलं होतं?"

तेजलने मान खाली घातली.

विहिरी बुजवण्याचं काम तिथल्या तिथे थांबवलं गेलं. तोवर पाच विहिरी बुजल्या होत्या. खोल बोअरचं पाणी पिऊ नये, असा आदेश निघाला. तेजलची पीएचडीची नोंदणी रद्द झाली. घाटोळेंना ताकीद मिळाली. ते केंद्रात राहिले. वाटाड्याच्या पुढच्या आवृत्तीत वाचणारा रागाने वाचतो की आवडीने, हे ओळखण्याची सोय करायची ठरलं आणि त्या कामाच्या समितीवर घाटोळेंची नेमणूक झाली. तुटक वर्तुळाचा नियम बदलावा, असं कोणीच म्हणालं नाही.

आदेश हा कागद असतो, तो गावात पोचायला वेळ लागतो. तेजल रविवारी स्वतःच सावळटोल्याला गेली. वच्छलाबाईंनी तिला घरात घेतलं नाही.

"मले एकटीले काय सांगता? साऱ्यायले सांगा."

समाजमंदिरासमोर माणसं जमली. तेजल उभी राहिली आणि तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. वर्तुळ, चोरी, वह्या, तीन आठवड्यांचं खोटं वाचन, निबंध, जेसीबी. सोपं करून सांगितलं, पण काही गाळलं नाही. बायका पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. शेषराव बोढे मान खाली घालून बसले होते. त्यांच्याच वह्या होत्या.

तिचं बोलून झालं. मग मागे बसलेल्या नत्थूजींनी विचारलं. त्यांचा चेहरा सुजला होता, आवाज बारीक झाला होता.

"म्हंजे तुले पह्यलेपासून ठाऊक होतं, बोअरचं पानी मारते?"

"हो."

"अन् तुमच्या दोघायच्या भांडनात आमच्या हिरी बुजल्या."

"हो," ती म्हणाली.

कोणीतरी शिवी दिली. एकजण अंगावर यायला उठला, त्याला दुसऱ्यांनी ओढून बसवलं. वच्छलाबाई उठल्या. समाजमंदिराच्या भिंतीला नवी तोटी होती. तिच्याखाली त्यांनी पेला धरला, काठोकाठ भरला आणि तेजलसमोर आणला.

"आमी तीन आठोडे पेलो," त्या म्हणाल्या. "पी."

एका पेल्याने काही होत नाही, हे तेजलला सगळ्यांहून जास्त माहीत होतं. सांगायला तोंड उघडलं आणि तिने ते मिटलं. पेला हातात घेतला. पाणी नितळ होतं. पहिल्या घोटाला ते खरंच जड लागलं, जिभेवर राहिलं. ती पीत गेली. कोणी 'पुरे' म्हणालं नाही. शेवटचा घोट घशाखाली गेला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि समोरच्या एकाही चेहऱ्यावर दया नव्हती.

वच्छलाबाईंनी पेला परत घेतला, उपडा करून झटकला.

"आता बस खाली," त्या म्हणाल्या. "बाकीच्या सहा गावाइले काय सांगा लागते, ते कागदावर लिवून दे. आमाले वाचता येईल असं."